उतरताना गुडघे दुखतात? आधी लिफ्टने खाली येणं बंद करा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वय ४४, घरात ५-५ किलोचे दोन डंबेल आणि एक मॅट, दीड वर्ष नेमाने व्यायाम, राजगड चढताना काही त्रास नाही आणि उतरताना चोर दरवाजाच्या खालच्या टप्प्यात गुडघे इतके दुखले की शेवटी बसत बसत खाली आलात. आता विचारताय की घरी मल्टीजिम, म्हणजे एकाच सांगाड्यात सगळे व्यायाम करायचं ते मोठं मशीन, घेऊ का. अहो हे अगदी माझंच आहे, फक्त माझं डिसेंबर २०१७ मधलं, आणि तेही राजगडच, गुंजवण्याचीच वाट. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही. गुडघ्याला सूज येत असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा सपाटीवर चालतानाही दगा देत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, खालचं सगळं त्यानंतर.

वॉर्मअप, कंबर सरळ ठेवणं वगैरे दीड वर्षात तुमच्या अंगवळणी पडलंच असेल, त्यात शिरत नाही. माझी चूक एकच होती आणि ती मी अगदी मनापासून, रोज, वर्षभर करत होते. आमची बिल्डिंग ११ मजल्यांची. पाठीवर सॅकमध्ये ५ लिटरचा पाण्याचा कॅन घालून मी पाच वेळा वर जायचे, आणि प्रत्येक वेळी खाली लिफ्टने यायचे. कारण ज्याला त्याला विचारलं की उत्तर एकच, उतरताना गुडघे झिजतात, चढताना नाही. मला ते पटलं होतं. शिवाय घरी २० किलोचा डंबेल छातीशी धरून स्क्वॉट मारायचे, त्यातही सगळं लक्ष वर उठण्याकडे, खाली जाताना शरीर नुसतं सोडून द्यायचं. आकडे वाढत होते, मी खूश होते, आणि राजगडावर पद्मावती माचीपर्यंत बोलत बोलत चढले.

उतरताना काय झालं ते नीट सांगते, कारण तुम्ही नुसतं 'दुखलं' लिहिलंय आणि मला वाटतं तुमचंही असंच होत असणार. डावा पाय खालच्या पायरीकडे न्यायचा, सगळा भार उजव्यावर, आणि डावं पाऊल टेकायला शेवटची चार बोटं अंतर उरलं की उजवा गुडघा सोडून द्यायचा. धप्प. पुढची पायरी, परत धप्प. रेलिंगला धरून धरून तळहात लाल झाले. अशी शे-दोनशे धप्प झाल्यावर वाटीच्या मागे जी कळ सुरू झाली ती घरी पोचल्यावरही गेली नाही.

आणि मग पुढचं, ज्याचा मला अजूनही राग येतो. घराजवळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात गेले, नाव घेत नाही. १२ सिटिंगचं पॅकेज, पैसे आधी. रोज तेच, पलंगावर झोपा, गुडघ्याला पट्ट्या लावा, करंट, मग शेक, मग जेल लावून मशीन फिरवणार, अर्ध्या तासात पुढचा पेशंट. बारा दिवसांत एकदाही कोणी मला एक पायरी उतरून दाखवा म्हटलं नाही! शेवटी सल्ला काय, तर आता वय झालं, ट्रेक बंद करा, जिने टाळा, नीकॅप घाला. मी ऐकलं. ४३ व्या वर्षी ऐकलं. २०१८ चं बहुतेक सगळं वर्ष गेलं, आमचा ग्रुप सप्टेंबरात सोनकी फुललेली बघून आला, साल्हेर करून आला आणि मी घरी फोटो बघत बसले. जिने टाळून मांड्या आणखीच बारीक झाल्या, म्हणजे दुखणं वाढणारच होतं. पैसे गेले त्याचं एवढं नाही वाटत, त्या वर्षाचं वाटतं.

नंतर एका मैत्रिणीच्या आग्रहाने दुसऱ्या एका फिजिओ ताईंकडे गेले. त्यांनी माझी व्यायामाची वही मागितली. मी अभिमानाने पुढे केली, रोजचे ५५ मजले. त्या म्हणाल्या, हे चढणं झालं, उतरणं कुठाय? वर्षभराच्या वहीत उतरणं शून्य होतं.

मग त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू भार धरून हळूहळू लांब होत जातो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. जुने ड्रायव्हर सांगतात ना, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, तसं. मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरत होते आणि सगळे हिसके गुडघ्याला. ब्रेक लावण्याची ताकद वेगळी कमवावी लागते, नुसतं चढून किंवा फटाफट स्क्वॉट मारून ती पुरेशी येत नाही.

तर मल्टीजिम घेऊ नका. माझं स्पष्ट मत आहे, कोणाला पटो न पटो. पाय पुढे ताठ करायच्या त्या मशीनवर बसून पायरी उतरता येत नाही, दोन महिन्यांनी त्यावर टॉवेल वाळतात आणि फ्लॅटमधली एक खोली जाते. तुम्हाला पाहिजे एक पाट. जेवायला बसायचा लाकडी पाट, तोच, पण भिंतीशी पक्का टेकवून, खाली मॅट घालून, सरकला तर तोंडावर पडाल. पाटावर एका पायावर उभं राहायचं, दुसरी टाच समोर जमिनीकडे न्यायची, मनात एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन, एक हजार चार मोजत. टाच आवाज न करता टेकली पाहिजे, त्यावर भार न टाकता परत वर. आवाज झाला की तो रेप, म्हणजे ती एक खेप, धरायची नाही. सुरुवातीला माझे उजव्या पायावर चार व्हायचे आणि पाचव्याला धप्प. एका पायाला ६ पासून सुरू करा, १२ बिनआवाजी झाले की पाटाऐवजी जिन्याची पायरी घ्या, तिथे १२ झाले की मग हातात डंबेल. घाई करू नका. आधी उंची वाढवायची, वजन नंतर. मला पाटापासून पायरीपर्यंत सात आठवडे लागले.

गुडघा अंगठ्याच्या पुढे जाऊ देऊ नका असं कोणी सांगेल, पण उतरताना तो पुढे जाणारच, आपल्या तालमीतल्या बैठकांमध्ये पण जातोच की. फक्त आतल्या बाजूला वळू देऊ नका, आरशासमोर करा. कट्ट्याला एका बोटाचा आधार घेतला तरी चालतो. करताना थोडं जाणवलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं तर ठीक, वाढत गेलं तर उंची कमी करा.

याच्या जोडीला डंबेल धरून कमरेतून वाकायचा डेडलिफ्ट, एका पायावर टाचा उचलणं, आणि एका हातात जड वस्तू घेऊन घरभर सरळ चालणं. त्यासाठी २० लिटरचा पाण्याचा जार बेस्ट, पूर्ण भरला की २० किलो, तुम्ही पाच लिटर भरून सुरू करा. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, पुरे. आणि जिना उतरा. आधी दोन मजले, रिकाम्या हाताने, मग वाढवा.

एक महत्त्वाचं. असे व्यायाम नवीन असताना मांड्या भयंकर धरतात आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं. मी उत्साहात शुक्रवारी केले आणि रविवारी सिंहगड ठरलेला, आतकरवाडीतून चढायला गेले तर पार्किंगमधूनच पाय वळेना. ट्रेकच्या चार-पाच दिवस आधी पायांचा जड व्यायाम बंद. ही धरलेली मांडी म्हणजे इजा नव्हे, दोन-तीन वेळा केल्यावर तेवढी धरत नाही.

बाकी सुटं सुटं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे वजनांचे प्लास्टिकचे सेट बहुतेक आतून सिमेंटचे असतात, आपटले की तडा जातो, लोखंडी प्लेट जुन्या बाजारात बघा. रबर मॅट जाड घ्या, आमच्या खालच्या काकूंनी तक्रार केली होती आणि त्यांचं बरोबरच होतं. खाण्यात प्रोटीन बघा, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) साधारण माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगते आणि व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त लागतं, पातळ वरणावर ते भागत नाही. उतरताना दोन ट्रेकिंग पोल वापरा, त्यात कमीपणा काही नाही. नीकॅप घालायची तर घाला, पण ती ब्रेक नाही.

जानेवारी २०१९ मध्ये मी त्याच वाटेने राजगड उतरले. संजीवनी माची बघून परत, चोर दरवाजा, तेच रेलिंग. दमले होते, पण एकही धप्प नाही.

तुमचा कुठला गुडघा दुखतो ते लिहिलेलं नाही. आज पाटावरून आधी एका, मग दुसऱ्या पायावर उभं राहून उतरून बघा आणि कितव्या रेपला आवाज होतो ते इथे लिहा, त्यावरून सुरुवात कुठून करायची ते बोलू.