इंजिन बदलताय? आधी मधली वीतभर जागा मोजा

प्रश्न : काका, आमच्याकडे आजोबांच्या वेळची पेट्रोलची जीप आहे, तीन गिअरची. इंजिन पार गेलं. ओळखीतून 2112 सीसीचं एक्सडीपी डिझेल इंजिन मिळतंय, चालू कंडिशन, पण नुसतं इंजिन, त्याचा गिअरबॉक्स आधीच कुणीतरी नेला. आमचे मिस्त्री म्हणतात आपलाच गिअरबॉक्स ठेवू, मधे प्लेट बनवून टाकू, क्लच प्लेट जीपचीच नवी आणा. मामा म्हणतात क्लच सगळा इंजिनचाच लागतो. कुणाचं ऐकू? गाडी द्राक्षबागेत फिरवायला आणि वर्षातून दोनदा गडावर जायला, बाकी काही नाही.
— दिंडोरी तालुक्यातून एक वाचक

उत्तर : दादा, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे आणि नेमकं तिथेच पैसे जातात. क्लच प्लेटचं आतलं भोक, म्हणजे दातेवालं, ते गिअरबॉक्सचं असतं आणि बाहेरचा घेर इंजिनचा असतो, एवढं एक वाक्य मिस्त्रींच्या भिंतीवर लिहून ठेवा. फ्लायव्हील (इंजिनमागचं जड चाक) आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला त्या चाकावर दाबून धरणारी) डिझेल इंजिनची राहणार, त्यामुळे लायनिंगचा, म्हणजे क्लच प्लेटच्या घासणाऱ्या थराचा, व्यास त्यांना जुळला पाहिजे, पण प्लेट सरकणार तुमच्या जीपच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, म्हणून हब, म्हणजे प्लेटचा मधला दातेवाला भाग, त्या शाफ्टचा पाहिजे. अशी तयार प्लेट मिळाली तर नशीब, नाहीतर क्लच प्लेट रीबिल्ड करणारे डिझेलच्या प्लेटला तुमच्या मापाचा हब रिव्हेट करून देतात. रिव्हेटच करून घ्या, वेल्डिंगला अजिबात हो म्हणू नका. आणि नुसते दाते मोजून दुकानात जाऊ नका हो, दहा दात्याचे शाफ्ट वेगवेगळ्या जाडीचे असतात, शाफ्टवर प्लेट प्रत्यक्ष घालून बघायची, हाताने सहज सरकली पाहिजे आणि डुगडुगली नाही पाहिजे.

आता प्लेट टाकू म्हणतात ती अ‍ॅडॅप्टर प्लेट. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली ही वीतभर जागा, सगळा खेळ इथेच आहे. समजा प्लेट 20 मिलिमीटर जाड झाली, तर गिअरबॉक्स 20 मिलिमीटर मागे गेला, म्हणजे त्याच्या शाफ्टचं टोक क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या पायलट बेअरिंगमधून तेवढंच बाहेर आलं. टोकाला आधार राहिला नाही की शाफ्ट डुलतो, क्लच नीट सुटत नाही आणि काही महिन्यात गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं. उलटं, शाफ्ट लांब पडला आणि टोक क्रँकमधे जाऊन टेकलं, तर बोल्ट आवळताना क्रँक पुढे ढकलला जातो आणि त्याला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर खलास. म्हणून व्हर्नियर घेऊन दोन मापं काढा, बेल हाऊसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या आवरणाच्या) तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंत किती आणि इंजिनच्या मागच्या तोंडापासून पायलटच्या भोकाच्या तळापर्यंत किती, आणि मगच प्लेटची जाडी ठरवा. पायलट बेअरिंगही मिश्र असतं, बाहेरून क्रँकचं माप, आतून शाफ्टचं, लेथवर गनमेटलचा बुश करून घेता येतो.

प्लेट अंबडला किंवा सातपूरला एमआयडीसीत चांगल्या टर्नरकडून करा, पण भोकं जुळली म्हणजे झालं असं नसतं. बोल्ट फक्त आवळून धरतात, मधोमध आणायचं काम डॉवेल पिनचं. डायल गेजचा मॅग्नेट फ्लायव्हीलला लावा, काटा बेल हाऊसिंगच्या मधल्या गोल भोकात टेकवा आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरी फिरवा, काटा एकूण 5 थाऊच्या, म्हणजे साधारण 0.13 मिलिमीटरच्या आत हलला पाहिजे. कागदासारखी गोष्ट आहे पण क्लचला कळते.

प्लेटमधे स्प्रिंगवाला हब घ्या, डिझेलचा धक्का पेट्रोलपेक्षा जोरात बसतो. हबचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. हबची मागची बाजू फ्लायव्हीलच्या बोल्टला घासते का हे बघायला मी कणकेची छोटी गोळी बोल्टच्या डोक्यावर चिकटवतो, सगळं जोडतो, उघडतो आणि दबलेली कणीक मोजतो. घरातून नेलेली कणीक, पाच रुपये खर्च नाही. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगचंही तसंच, आतून ते गिअरबॉक्सच्या नळीवर बसतं आणि तोंडाने प्रेशर प्लेटच्या बोटांना लागतं, म्हणजे पुन्हा दोन घरचं, उंची कमी पडली तर पेडल तळाला जाऊनही क्लच सुटणार नाही.

फ्लायव्हीलचं एक सांगतो, कारण मला स्वतःला महागात पडलंय. मागे एका गाडीचं फ्लायव्हील लेथवर साफ करायला दिलं, आरशासारखं करून आलं, मी खूश. पण टर्नरने फक्त लायनिंग टेकते तो भाग घेतला होता आणि प्रेशर प्लेट बसते ती कडा तशीच ठेवली. नांदुरीवरून सप्तशृंगी गडाच्या चढाला लागलो आणि तिसऱ्या वळणावर इंजिन ओरडतंय नि गाडी पुढे सरकत नाहीये, जळक्या लायनिंगचा वास सगळ्या गाडीत, मागे आई बसलेली. लायनिंग खोल गेलं की प्रेशर प्लेटला जास्त पुढे यावं लागतं आणि स्प्रिंगचा दाब उतरतो, एवढंच कारण. तेव्हा जेवढं तोंडावरून काढाल तेवढंच कडेवरूनही काढायला सांगा, समोर उभं राहून.

सेल्फ (स्टार्टर) डिझेलचाच लावा, डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या सेल्फला झेपत नाही, आणि मधे प्लेट आल्यावर सेल्फचं छोटं दातेचाक, पिनियन, फ्लायव्हीलच्या रिंग गिअरला पूर्ण भिडतं ना ते बघा.

अजून एक, याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. तुमच्या या इंजिनचं पूर्ण नाव एक्सडीपी 4.90, त्यातला 4 म्हणजे चार सिलिंडर आणि 90 म्हणजे 90 मिलिमीटर बोअर, चिवट इंजिन आहे पण पळणारं नाही. जुन्या जीपचं डिफरन्शियल बहुतेक 5.38 चं असतं, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट 5.38 फेऱ्या फिरला की चाकाची एक फेरी. टायरला खडूची खूण करून गाडी एक फेरी ढकला, समजा 2.2 मीटर भरली. टॉप गिअर सरळ, म्हणजे इंजिनची एक फेरी तर शाफ्टचीही एकच, इंजिन 3000 आरपीएमला, तर गाडी तासाला जेमतेम 73-74 किलोमीटर. तेच 4.88 चं असेल तर 81. बागेसाठी पहिलंच बरं, हायवेला इंजिन बिचारं रडत राहील.

खरं मत विचाराल तर प्लेट बनवायच्या आधी एक महिना थांबा आणि द्वारका, भद्रकालीकडच्या जुन्या स्पेअरवाल्यांना सांगून ठेवा. हेच इंजिन महिंद्राच्या एमएम 540 जीपला चार गिअरच्या बॉक्सबरोबर यायचं. तो बॉक्स बेल हाऊसिंग आणि ट्रान्सफर केससकट (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) मिळाला तर क्लचची सगळी डोकेदुखीच गेली, फक्त माउंटिंग, गिअरचा दांडा आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी बघायची राहते. आणि इंजिनचा अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी पेठ रोडला आरटीओत जाऊन या, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली हा बदल येतो, आरसीवर इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही बदलणार, तिथे नाही म्हणाले तर इंजिन घेऊन काय करणार? बिल मात्र पक्कंच घ्या, इंजिन नंबर लिहिलेलं.

प्रश्न : व्हॅनचं इंजिन बदललं, जुनाच गिअरबॉक्स. तेव्हापासून रिव्हर्स टाकताना खर्रर्र होतं, पुढचे गिअर पण अडकतात. गिअरबॉक्स खोलायचा का?
— नाशिकरोडहून एक वाचक

उत्तर : ताई, आत्ताच नको. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा, लोण्यासारखे पडले तर बॉक्स बहुतेक ठीक आहे, क्लच पूर्ण सुटत नाहीये. मग इंजिन चालू, क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका, तरी खर्रर्र झालं तर नक्कीच क्लच. आधी केबल अ‍ॅडजस्ट करून पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाब लागायच्या आधीची मोकळी हालचाल, बघायला सांगा, फुकटात होतं. त्यानेही नाही भागलं तर बॉक्स उतरवावा लागेल, आणि उतरवला की तीनच गोष्टी बघायच्या, क्लच प्लेट उलटी बसलीय का, पायलट बेअरिंग जाम आहे का, आणि नव्या इंजिनबरोबर आलेली प्रेशर प्लेट तुमच्या रिलीज बेअरिंगच्या मापाची आहे का. गॅरेजवाल्याला जुनी काढलेली प्रेशर प्लेट फेकू नका म्हणावं, दोन्ही शेजारी ठेवून बोटांची उंची मोजली की लगेच कळेल.