लॅब्रॅडॉरची जोडी लावण्याआधी हिप-एल्बोचा एक्स-रे

भाऊ, कुत्रा छान पळतो म्हणजे खुबा चांगला, असं नसतं. दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच एक्स-रे काढा. ओएफएचा (कुत्र्यांच्या सांध्यांची तपासणी नोंदवणारी अमेरिकन संस्था) कायमचा दाखला २४ महिन्यांनंतरच मिळतो. मादी माजावर असेल तर थांबा, माज संपून तीन-चार आठवडे जाऊ द्या. संप्रेरकांमुळे सांधा सैल दिसू शकतो.

भूल द्यावी लागते, म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी. सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळी सातचीच वेळ घ्या. भुलीतून उठलेला कुत्रा दुपारच्या उन्हात गाडीत घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

फिल्म हातात आली की तिथेच बघा. कुत्रा पाठीवर, मागचे पाय सरळ ताणलेले, गुडघ्याच्या वाट्या मांडीच्या हाडाच्या मधोमध. कटीच्या हाडातली दोन्ही भोकं सारखी दिसायला हवीत. एक मोठं, एक बारीक दिसलं तर कंबर कललीय: खुब्याची एक खोबण उगाच उथळ, दुसरी खोल दिसणार. लाजू नका, भूल आहे तोवर पुन्हा काढून घ्या.

पुढच्या दोन्ही पायांचे कोपर दुमडून एक्स-रे घ्या. कोपराच्या दोषाची श्रेणी शून्य ते तीन, शून्य म्हणजे दोष नाही; शून्यच चालेल. मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) नंबर फिल्मवरच हवा, पेनाने नंतर लिहिलेला नको.