एक्सेलचा हिस्टोग्राम 23 पासून सुरू होतो; 30–39, 40–49 असे गट कसे पाडायचे?

तुमच्याकडे 200 जणांचे पूर्णांकी गुण आहेत, सर्वांत कमी 23. एक्सेलने पहिला गट 23 ते 32.2 असा पाडलाय आणि रुंदी 10 केली तरी सुरुवात 23 वरूनच होते, बरोबर? तो दोष तुमचा नाही. हा आलेख पहिली सीमा नेहमी किमान मूल्यावर ठेवतो, आणि आपोआप ठरणारी रुंदी स्कॉटच्या सूत्रावरून येते: 3.49 गुणिले प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप), भागिले एकूण संख्येचं घनमूळ. विचलन 15 धरलं तर 200 नोंदींसाठी साधारण 9. म्हणजे 10 ची रुंदी योग्यच आहे.

सुरुवात हलवायची तर आडव्या अक्षावर उजवी क्लिक करून फॉरमॅट ॲक्सिस उघडा. बिन विड्थ (गटाची रुंदी) 10 द्या, अंडरफ्लो बिनवर (सर्वांत खालचा एकत्र गट) टिक करून 29 लिहा, ओव्हरफ्लो बिनमध्ये (सर्वांत वरचा एकत्र गट) 89.

30 आणि 90 का नाही? एक्सेलचे गट उजवीकडे बंद असतात, म्हणजे वरची सीमा गटातच धरली जाते. 30 दिलंत तर पुढचा गट 30 पेक्षा जास्त ते 40 पर्यंत होतो आणि बरोबर 40 गुणवाले त्यातच मोजले जातात. 29 दिल्यावर तोच गट 30 ते 39 चा होतो. मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनमधलं आलेख काढायचं साधन) नेमकं उलट आहे: गट डावीकडे बंद, फक्त शेवटचा दोन्हीकडे. त्यामुळे तोच डेटा दोन ठिकाणी वेगळा दिसला तर आधी सीमा तपासा, डेटा नव्हे.

पहिल्या स्तंभात 29 आणि त्याखालचं सगळं जमा होतं. तुमचं किमान 23 आहे म्हणून चालतं. किमान 4 असतं तर तीन गटांची गर्दी एकाच स्तंभात दिसली असती आणि वाचणारा फसला असता.

रुंदी अपूर्णांकात मात्र कधीच ठेवू नका. 9.2 च्या रुंदीत काही गटांत 9 वेगवेगळे गुण मावतात, काहींत 10. मग डेटात नसलेले चढउतार आलेखात उमटतात. या चुकीकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं.

अक्षावरची (29, 39] ही लेबलं (म्हणजे 29 पेक्षा जास्त ते 39 पर्यंत) वाचकाला कळणार नाहीत आणि या आलेखात ती हाताने बदलता येत नाहीत. सादरीकरणासाठी मी सरळ काउंटइफ्सने (अटींनुसार मोजणारं एक्सेलचं फंक्शन) मोजणी करायला सांगेन: 30 किंवा जास्त, आणि 40 पेक्षा कमी. शेजारी ‘30–39’ असं लेबल, मग साधा कॉलम चार्ट आणि गॅप विड्थ (स्तंभांमधलं अंतर) 0 टक्के. फ्रिक्वेन्सी फंक्शन वापरलंत तर तेही वरची सीमा धरूनच मोजतं, म्हणून तिथेही 29, 39, 49 द्या.

शेवटी सगळ्या स्तंभांची बेरीज 200 येते का पाहा. कमी आली तर काही गुण मजकूर म्हणून साठवलेले असू शकतात. वरच्या अटींचं काउंटइफ्स आणि फ्रिक्वेन्सी ते मोजतच नाहीत.