वऱ्हाडी लघुपट परदेशी महोत्सवात पाठवून खरंच काही होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या मित्रांनी मिळून नागपुरात १४ मिनिटांचा लघुपट केला आहे, संवाद सगळे वऱ्हाडीत. ‘संस्कृतींची देवाणघेवाण’ असं ध्येय छापणाऱ्या आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सवांत तो पाठवावा, की हा सगळा पोस्टरवर लॉरेल (महोत्सवाचं पानांच्या कड्यासारखं चिन्ह) चिकटवायचा धंदा आहे? आणि बाहेरच्यांना कळावं म्हणून सुरुवातीला इंग्रजी निवेदन घालावं का?

पाठवा. निवेदन घालू नका. आता जरा सविस्तर सांगते.

मी नागपूरचीच. सबटायटलची कामं करते, आणि इथल्या मित्रमंडळींचे बरेच लघुपट माझ्या हाताखालून गेले आहेत. एका महोत्सवाच्या प्राथमिक निवड समितीत बसून आलेल्या सिनेमांचा ढीगही उपसला आहे. (नागपूरच्या बोलीला वऱ्हाडी म्हटलेलं अमरावती-अकोल्याच्या लोकांना चालत नाही, पण तो वाद इथे नको.)

देवाणघेवाण वगैरे शब्द माहितीपत्रकात सगळेच छापतात, त्यामुळे तुमचा संशय रास्त आहे. पण ही कल्पना जाहिरातवाल्यांच्या डोक्यातून आलेली नाही. जर्मनीतल्या ओबरहाउझेनचा लघुपट महोत्सव १९५४ मध्ये सुरू झाला. ओबरहाउझेन म्हणजे रूर भागातलं कोळशा-पोलादाचं शहर, कलानगरी वगैरे काही नाही. (आपल्याकडे वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचं) मुख्यालय असल्यामुळे मला ते उगाच ओळखीचं वाटतं.) त्या महोत्सवाचं ब्रीद होतं ‘शेजाऱ्याकडे जाणारी वाट’. शीतयुद्धाचे दिवस, शेजारी म्हणजे पूर्व युरोपातले देश. तिकडचे लघुपट पश्चिमेतल्या प्रेक्षकाला पडद्यावर बघायला मिळण्याची जी थोडी ठिकाणं होती, त्यांतलं हे एक. फ्रान्समधलं क्लेरमाँ-फेराँ आज लघुपटांचा जगातला सर्वांत मोठा महोत्सव मानला जातो. तेही पॅरिस नाही, टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीचं गाव.

लघुपट महोत्सवात तुमचा सिनेमा एकटा दाखवला जात नाही, ही गोष्ट नवखे दिग्दर्शक लक्षातच घेत नाहीत. दीड तासाचा एक खेळ, त्यात पाच-सहा लघुपट, बहुतेक वेळा पाच-सहा देशांचे. प्रेक्षक कुठल्या एकासाठी तिकीट काढत नाही, तो खेळासाठी येतो. तुमचा सिनेमा कोणाच्या मागे आणि कोणाच्या पुढे लावायचा, यावर निवडकर्ते डोकं खाजवत बसतात, आणि जी काही देवाणघेवाण होते ती तिथेच होते. वेगळं भाषण, दीपप्रज्वलन लागत नाही.

एक उदाहरण देते. माझ्या एका मैत्रिणीने मारबतीवर छोटा लघुपट केला होता. तुम्ही नागपूरचे, तुम्हाला काय सांगायचं. बाकीच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महाल भागात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे बांबू-कागदाच्या मोठ्या बाहुल्यांची, मिरवणूक निघते, सोबत त्या वर्षीच्या भ्रष्टाचार-महागाईचे बडगे (पुतळे) असतात, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा घोष चालतो आणि शेवटी सगळ्याचं दहन. एकोणिसाव्या शतकापासून हे चालू आहे.

तिच्या पहिल्या कटमध्ये सुरुवातीची दीड मिनिटं नुसतं निवेदन होतं. भोसल्यांचा इतिहास, इंग्रज, भोसल्यांची राणी बाकाबाई, सगळं. ऐकायला शाळेतल्या धड्यासारखं. तिने ते काढलं आणि सिनेमा थेट तिथे सुरू केला जिथे एक म्हातारे कारागीर बांबूच्या सांगाड्यावर कागदाचा थर चढवताहेत, आणि नातू बाजूला बसून मोबाइलवर क्रिकेट बघतोय. युरोपात तो दाखवला गेला तेव्हा मैत्रीण व्हिडिओ कॉलवरून प्रश्नोत्तरांना बसली होती, मी तिच्या शेजारी. पहिलाच प्रश्न एका पोलिश बाईंचा: हा चेहरा रंगवणारा माणूस वर्षभर काय करतो? आणि मग त्या सांगू लागल्या की आमच्याकडेही मार्चमध्ये, हिवाळा संपताना, मारझान्ना नावाची गवताची बाहुली मिरवत नेतात, पेटवतात आणि नदीत बुडवतात. लहान मुलं हौसेने करतात. बुडवून परतताना मागे वळून बघायचं नाही, असाही संकेत आहे.

आता बघा, बाकाबाईचा इतिहास तिथे कोणालाच माहीत नव्हता आणि कोणाचं काही अडलंही नाही. पीडा बाहुलीवर लादून गावाबाहेर घालवायची, ही गोष्ट त्या बाईंना जन्मापासून ठाऊक. निवेदन असतं तर त्यांनी ते आदराने ऐकून घेतलं असतं आणि विसरून गेल्या असत्या.

म्हणून म्हणते, समजावून सांगायच्या मागे लागू नका. निवड समितीत बसलं की असे सिनेमे लगेच कळतात. ड्रोनमधून फुटाळा तलाव, संत्र्याची बाग, दीक्षाभूमीचा घुमट, मग संथ आवाजात ‘हे शहर...’. हे पर्यटन खात्याचं काम आहे. २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवातल्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात पहिलं पारितोषिक मिळालं ते पुण्याच्या एफटीआयआय या फिल्मच्या शिक्षणसंस्थेतल्या चिदानंद नाईक यांच्या कन्नड लघुपटाला. गोष्ट लोककथेतली: म्हातारी गावातला कोंबडा पळवते आणि गावात सूर्यच उगवत नाही. सोळाएक मिनिटांचा सिनेमा. कर्नाटकाबाहेरच्या माणसाला सोपं जावं म्हणून कोणी ती गोष्ट हिंदीत केली नाही.

बोली ठेवायची म्हटल्यावर सगळा भार सबटायटलवर येतो, आणि इथे आपली पोरं सर्वांत जास्त घाई करतात. शूटिंगला वीस दिवस, सबटायटलला एक रात्र. बहुतेक आंतरराष्ट्रीय महोत्सव इंग्रजी सबटायटल मागतात. पण फ्रान्स-स्पेनमध्ये स्थानिक भाषेतलीही लागतात, आणि ती करणारा माणूस तुमच्या इंग्रजीवरूनच करतो, त्याला वऱ्हाडी कुठून येणार? म्हणजे तुमचं इंग्रजी साधं, सरळ हवं. तिथे अमेरिकी टपोरी भाषा वापरून ‘काहून बे’चा ठसका आणायला गेलात तर पुढच्या भाषेत त्याचा पार चोथा होतो. ठसका नटाच्या आवाजात आहेच, प्रेक्षकाला तो ऐकू येतो.

दुसरं, वेग. एका वेळी पडद्यावर दोन ओळी, ओळीत साधारण ४० अक्षरं, आणि वाचणाऱ्याला सेकंदाला १५च्या आसपास अक्षरं झेपतात. आपल्याकडची एखादी काकू तीन सेकंदांत शेजारणीच्या सात पिढ्या काढते. सगळं लिहाल तर प्रेक्षक काकूंचा चेहरा बघणारच नाही, खाली वाचत बसेल. निम्मं टाकून द्या. नावं, नाती आणि शिवी ठेवा. आणि पांढऱ्या धोतरावर पांढरी अक्षरं येत असतील तर अक्षरांना काळी कड द्या. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

तिसरं म्हणजे फ्रेमरेट, सेकंदाला किती चित्रं ते. तुम्ही २५ फ्रेमवर शूट केलं असेल आणि थिएटरसाठी डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) करताना तो २४ वर मंद केला, तर १४ मिनिटांचा सिनेमा ३५ सेकंदांनी लांबतो. सबटायटलची एसआरटी फाइल जुनीच जोडली की सुरुवातीला काही जाणवत नाही, शेवटी मात्र माणूस बोलण्याआधी अर्धा मिनिट त्याचं वाक्य पडद्यावर. भावुक प्रसंगात लोक हसतात. डीसीपी हातात आली की शेवटची दोन मिनिटं आधी तपासा. आणि सबटायटल चित्रात कायमची चिकटवलेली एकच प्रत ठेवू नका. बिनसबटायटलची स्वच्छ प्रत आणि वेगळी एसआरटी, दोन्ही जवळ हवीत.

लांबीचं म्हणाल तर १४ मिनिटं उत्तम. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतचा सिनेमा लघुपट धरतात, पण ३५ मिनिटांचा सिनेमा दीड तासाच्या खेळात निवडायचा म्हणजे दुसऱ्या दोघांना घरी बसवायचं. तेवढा जीव त्यात लागतो.

धंद्याबद्दल. हो, आहे. ज्या ‘महोत्सवा’त दर महिन्याला विजेते जाहीर होतात, पुरस्कारांचे साठ-सत्तर प्रकार आहेत, सभागृहाचं नाव आणि खेळाच्या वेळा कुठेच नाहीत, आणि जिंकल्यावर ट्रॉफीचे पैसे वेगळे मागतात, तिथे एक रुपया घालू नका. कोणत्या थिएटरात, कोणत्या दिवशी, किती वाजता दाखवणार, एवढं विचारा. खरे महोत्सव मागच्या वर्षाचा पूर्ण कार्यक्रम साइटवर ठेवतात. तो वाचा, म्हणजे तुमचा सिनेमा तिथे कोणाच्या शेजारी बसेल याचा अंदाज येतो. फिल्मफ्रीवेवर (महोत्सवांना अर्ज करायची साइट) लवकर भरलं तर शुल्क कमी असतं, मुदत संपत आली की वाढतं. विद्यार्थी असाल तर सवलत मागायला लाजू नका, मेल पाठवायला पैसे पडत नाहीत. आणि तोवर यूट्यूबवर टाकू नका, ऑनलाइन आलेला सिनेमा बरेच महोत्सव घेत नाहीत. ऑनलाइन ठेवायचाच तर पासवर्ड लावता येणाऱ्या साइटवर, पासवर्ड लावून; यूट्यूबवर ती सोय नाही.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुमच्या लघुपटात वरात, गणपती, मिरवणूक असं काही आहे का? असेल तर मागे डीजेवर कोणतं गाणं वाजतंय ते कान देऊन ऐका. महोत्सवाच्या अर्जात सगळ्या संगीताचे हक्क तुमच्याकडे आहेत, असं लिहून द्यावं लागतं. ‘मागे सहज वाजत होतं’ हे उत्तर चालत नाही, म्युझिक कंपनीची परवानगीच लागते. मारबतीच्या सिनेमात मैत्रिणीने अशा गाण्याची ती सगळी ध्वनिपट्टी काढली, पुढच्या वर्षी जाऊन नुसता ढोल-ताशा आणि गर्दीचा आवाज रेकॉर्ड केला आणि तो घातला. सिनेमा उलट चांगला झाला, पण वर्ष गेलं.

पाठवण्याआधी एकदा बघायला जा, हे मी सगळ्यांना सांगते आणि फार कमी जण ऐकतात. युरोपचं तिकीट नको. तिरुवनंतपुरमला केरळचा माहितीपट आणि लघुपट महोत्सव २००८ पासून भरतो, आणि केरळ एक्सप्रेस नागपूरवरूनच जाते. मुंबईचा ‘मिफ’ हा माहितीपट-लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी असतो. डेलिगेट पास काढावा लागतो. महोत्सवातले बरेच सिनेमे सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय, केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या सवलतीवर दाखवले जातात, म्हणून नोंदणी केलेल्यांनाच आत सोडतात. सकाळी पहिल्या खेळाला बसा, पाच देश बघा आणि बाहेर चहाच्या टपरीवर लोक काय बोलतात ते ऐका. मल्याळी प्रेक्षक दिग्दर्शकाला तोंडावर विचारतो की हा शॉट एवढा लांब का ठेवला. नागपुरात कोणी विचारत नाही, आपण ‘मस्त झाला बावा’ म्हणून तर्री-पोहे खायला निघतो.

तिथून आलात की एडिटला बसाल, आणि १४ची ११ मिनिटं झाली तर नवल वाटून घेऊ नका. एसआरटी तयार झाली की इथे कमेंटमध्ये सांगा, सवडीने नजर घालीन. फुकट, पण पोळ्याच्या आठवड्यात नाही.