आधी फुटांत मोज, मग पैशात

तुझ्या सिनेमाचं बजेट शीट बघितलं. मेहनत घेतलीयस हे दिसतंय, पण फिल्म स्टॉकला एकच ओळ आणि एकच आकडा, ते मला खटकलं. ६५ एमएमवर, म्हणजे नेहमीच्या ३५ पेक्षा जवळपास दुप्पट रुंद फिल्मवर शूट करायचं म्हणजे आधी फुटांत विचार करायचा.

५ पर्फ (एका फ्रेमला फिल्मच्या कडेची पाच भोकं) ६५ एमएम सेकंदाला २४ फ्रेमवर मिनिटाला ११२.५ फूट खातं, १००० फुटांचा रोल नऊ मिनिटंही पुरत नाही. १५ पर्फ आयमॅक्स घेतलंस तर तोच रोल तीन मिनिटांत खलास. आता १०० मिनिटांचा सिनेमा आणि १० ला १ रेशो, म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटासाठी दहा मिनिटं शूट, धर, झाले १,१२,५०० फूट, म्हणजे हजार फुटी रोलचे ११३ कॅन (डबे)! आणि प्रत्येक फुटाचे पैसे स्टॉकला जातात, परत प्रोसेसिंगला जातात, परत स्कॅनला जातात.

फिल्म फुकट कुठे जाते माहितीय? नुसती खराब टेकमध्ये नाही, कॅमेरा रोल झाल्यापासून अ‍ॅक्शन म्हणेपर्यंत आणि सीन संपल्यावर कट म्हणेपर्यंत. दोन्हीकडे दहा-दहा सेकंद गेले तरी टेकमागे ३७ फूट, दिवसाला ३० टेक झाले की अख्खा एक कॅन गेला आणि त्यावर काहीच नाही. मी असिस्टंट होतो तेव्हा एका सेटवर "कट नको, चालू दे, परत घेऊ" असं सकाळभर चाललं, लंचपर्यंत दिवसाचा कोटा संपला आणि संध्याकाळी ज्या क्लोजअपसाठी एवढा घाट घातला होता त्याला एकच टेक मिळाला, तोही सॉफ्ट, फोकस हुकलेला. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

म्हणून फोकस पुलरचे (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा) आणि टेस्टच्या दिवसांचे पैसे कापू नकोस प्लीज, या फॉरमॅटला डेप्थ, म्हणजे फोकसमध्ये राहणारं अंतर, इतकी कमी मिळते की तिथे वाचवलेलं सगळं एनजी (वाया गेलेल्या) टेकमध्ये जातं. रिहर्सल कॅमेऱ्यात फिल्म न चालवता कर, हवी तेवढी. शॉर्ट एंड (रोलचे न वापरलेले उरलेले तुकडे) किती फुटांचे उरले ते लोडरने, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्म भरणाऱ्याने, रोज लिहायचं, आणि तू रोज रात्री बघायचं, दुसऱ्यावर सोडायचं नाही.

६५ एमएम धुणाऱ्या लॅब जगात मोजक्याच आहेत, त्यामुळे पाठवायला आणि फिल्म नीट आलीय असा लॅबचा रिपोर्ट यायला दिवस जातात. रिपोर्ट येईपर्यंत सेट तोडता येणार नाही, ते भाडं तुझ्या शीटमध्ये कुठेच नाहीये. स्कॅनचंही तसंच, सगळं फुल रेझोल्यूशनला करायची गरज नाही, एडिट लॉक, म्हणजे पक्कं झाल्यावर लागेल तेवढंच कर.

आणि त्या खोलीतल्या दोघांच्या बोलण्याच्या सीन्सना खरंच ६५ लागतंय का? ३५ वर घेतलेस तर चालतील असं मला वाटतं. सीनवार फुटांचा कॉलम टाक आणि शीट परत पाठव, एकेक सीन बसून बघू.