यी चिंग खरंच भविष्य सांगतं, की ते नुसतंच तत्त्वज्ञान आहे?

तुम्ही मोबाइलवरच्या एका अ‍ॅपला विचारलंत, "नोकरी सोडू का?" त्यावर यी चिंग या जुन्या चिनी कौलाच्या ग्रंथातली ६४वी आकृती आली आणि खाली ओळ आली, "छोटा कोल्हा नदी ओलांडत आलाच होता, शेपूट भिजली; लाभ नाही." आता तुम्हाला कळत नाहीये की याला भविष्य म्हणायचं की सुविचार, आणि एवढे मोठे चिनी विद्वान याला तत्त्वज्ञान कशाला म्हणत बसले. कोल्ह्याकडे शेवटी येतो.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाषाणाला कळ्या-पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी श्वास रोखून बघत बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यामुळे चीनच्या शांग राजांची कासवाची कवचं मी पहिल्यांदा चित्रात पाहिली, तेव्हा ती मला परकी वाटलीच नाहीत.

कासवाच्या पोटाकडचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं हाड घ्यायचे. मागच्या बाजूनं त्यात खळगे कोरायचे, पण आरपार जाऊ द्यायचे नाहीत. खळग्याला चटका दिला की पुढच्या बाजूला तडा जायचा, एक उभी रेघ आणि तिला फुटलेला आडवा फाटा. चिनी लिपीत कौलासाठी जे 'पू' हे अक्षर आहे, ते म्हणजे या तड्याचंच चित्र. तडा वाचायचा आणि मग प्रश्न, तारीख, कधीकधी निकालसुद्धा त्याच कवचावर कोरून ठेवायचा. इसवी सनपूर्व १२५०च्या आसपासच्या वू तिंग राजाची राणी फू हाओ गरोदर होती, तेव्हाचं एक कवच आहे. उजव्या बाजूला कोरलंय, बाळंतपण चांगलं होईल. डाव्या बाजूला, चांगलं होणार नाही. राजानं तडा वाचून सांगितलं की 'तिंग' दिवशी किंवा 'कंग' दिवशी (ही त्यांच्या दहा दिवसांच्या चक्रातल्या दिवसांची नावं) प्रसूती झाली तर शुभ. एकतिसाव्या दिवशी राणी मोकळी झाली, पण तो दिवस या दोन्हींपैकी नव्हता. खाली नोंद आहे: चांगलं झालं नाही, मुलगी झाली. (हीच फू हाओ तेरा हजारांचं सैन्य घेऊन लढायला गेल्याची नोंदही हाडांवर सापडते. तिची न लुटलेली कबर १९७६ साली आन्यांगला मिळाली, तीही शस्त्रास्त्रांसकट. मुलगी झाली म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या घरात हे.)

ही हाडं पुढे जमिनीत गेली आणि फार नंतर 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधाच्या दुकानांत कुटून विकली जायची. त्यावरची अक्षरं १८९९ साली वांग यीरोंग या विद्वानानं ओळखली. किती इतिहास काढा होऊन पोटात गेला असेल, कोण जाणे.

इथवर पाहिलं तर हा सरळसरळ कौलच आहे. देवाला किंवा पूर्वजांना विचारायचं, त्यांनी हो-नाही सांगायचं. शांगांना हरवून चौ घराणं आलं. हाडांचा कौल त्यांच्याकडेही चालू राहिला, पण जोडीला काड्यांचा आणि आकड्यांचा कौल पुढे आला. यी चिंग हा त्यातला. सहा रेषा, प्रत्येक रेषा अखंड किंवा मधे तुटलेली, म्हणून एकूण ६४ आकृत्या.

काड्यांची पद्धत एकदा हातानं करून बघा, अ‍ॅपमध्ये ती गंमत नाही. मूळ काड्या यारो नावाच्या रानझुडपाच्या असतात. मी खराट्याचे पन्नास हीर उपसले. (नवा खराटा मोडला म्हणून घरात जे ऐकून घेतलं ते वेगळं.) पन्नासातली एक काडी बाजूला ठेवायची, ती शेवटपर्यंत वापरायची नाही. ४९ काड्यांचे न मोजता दोन ढीग करायचे. उजव्या ढिगातली एक काडी डाव्या हाताच्या करंगळीत अडकवायची. मग दोन्ही ढीग चार-चारनं मोजून उरतील त्या काड्या बाजूला काढायच्या. असं तीनदा केलं की शिल्लक काड्या ३६, ३२, २८ किंवा २४ राहतात. चारनं भागा, ९, ८, ७ किंवा ६ येतात. ही झाली एक रेषा. सहा रेषांसाठी अठरा वेळा. पाटावर बसून करताना माझ्या पायाला मुंग्या आल्या, आणि बाराव्या खेपेपर्यंत विचारलेला प्रश्नच जरा बदलला होता.

अखंड रेषा म्हणजे यांग (७ किंवा ९), तुटलेली म्हणजे यिन (६ किंवा ८). यात ७ आणि ८ स्थिर, ६ आणि ९ बदलत्या. ९ म्हणजे टोकाला गेलेली यांग, ती मोडून यिन होणार. ६ म्हणजे टोकाला गेलेली यिन, ती यांग होणार. ९ येण्याची शक्यता सोळात तीन, ६ची सोळात फक्त एक. तीन नाण्यांनी केलं तर दोन्हींची आठात एक. म्हणजे काड्यांच्या हिशेबात यिन सहजी हलत नाही, नाण्यांच्या हिशेबात दोघी सारख्याच. नाण्यांनी काम लवकर होतं, पण हा बारकावा गळून पडतो.

यातलं तत्त्वज्ञान मला असं समजलं. 'यी' म्हणजे बदल. ग्रंथाला नंतर जोडलेल्या भाष्यात म्हटलंय, एकदा यिन एकदा यांग, यालाच ताओ, म्हणजे जगाची वाट, म्हणतात. आकृती पुढं काय होणार ते सांगत नाही. आत्ताची वेळ कुठली आणि तीत तुम्ही कुठं उभे आहात, ते सांगते. पहिल्याच आकृतीत ड्रॅगन तळाच्या रेषेत पाण्याखाली दडलेला आहे, हालचाल करू नकोस. खालून पाचव्या रेषेत तो आकाशात उडतो. सहाव्या रेषेत फार वर गेलाय, पस्तावेल. ड्रॅगन तोच आहे, जागा बदलली.

पण मला हे खरं पटलं ते एका बाईमुळे. जुन्या चीनमधल्या लू राज्याची राजमाता मू च्यांग. मुलाच्या राज्यात कारस्थान केलं म्हणून तिला पूर्वेकडच्या महालात कोंडलं होतं. तिनं कौल घेतला, निघालेली आकृती बदलून 'स्वेइ' होते असं ज्योतिष्यानं सांगितलं. स्वेइ म्हणजे मागोमाग जाणं. तो म्हणाला, बाईसाहेब, लवकरच बाहेर पडाल. ती म्हणाली, नाही. या आकृतीच्या वचनात चार शब्द आहेत: युआन, हंग, ली, चंग (साधारणपणे थोरपणा, पार पडणं, हित, सचोटी). हे चार गुण ज्याच्याकडे आहेत त्याला दोष लागत नाही. मी बंडात सामील झाले, राज्याची घडी विस्कटली, स्वतःचंही वाटोळं केलं. माझ्याकडे चारातला एकही नाही, मग ही आकृती माझी कशी? मी इथंच मरणार. इसवी सनपूर्व ५६४ साली ती तिथंच वारली.

कौल चांगला होता, ज्योतिष्याचा अर्थही चुकीचा म्हणता येणार नाही. चुकत होतं ते विचारणाऱ्याचं खातं, आणि ते तिनं स्वतःच वाचलं. पुढे शुन्त्झ या विचारवंतानं तर लिहून ठेवलं की यीमध्ये जो पारंगत, तो कौल लावतच नाही.

आता तुमचा कोल्हा. ६४वीच्या आधीची ६३वी आकृती आहे 'पार झालं': खाली अग्नी, वर पाणी. चुलीवर आधण ठेवल्यासारखं. ६४वी 'अजून पार नाही': पाणी खाली, अग्नी वर. आच वर जाते, पाणी खाली जातं, भात काही शिजत नाही. हिच्या सहाही रेषा चुकीच्या जागी आहेत (विषम जागी अखंड आणि सम जागी तुटलेली हवी, इथं उलट), पण प्रत्येकीला समोरची जोडीदार (पहिलीला चौथी, दुसरीला पाचवी, तिसरीला सहावी) बरोबर मिळालेली आहे. भाष्य सांगतं, वस्तू नीट पारखा आणि ज्याची त्याची जागा लावा. तुमच्या बाबतीत याचा अर्थ मी तरी असा लावेन: दुसरी ऑफर लेखी हातात आहे का, नोटीस पिरियड किती, घराचा हप्ता कोण भरणार. कोल्हा नदीच्या मध्यात नाही, काठाजवळ घसरलाय.

आणि तुमच्या अ‍ॅपनं एक शब्द खाल्लाय. मूळ वचन कोल्ह्यापासून सुरू होत नाही. त्याच्या आधी, आकृतीच्या नावाला लागून, 'हंग' आहे: पार पडेल. मू च्यांगनं जे आपल्याकडे नाही म्हटलं, त्या चारांतला दुसरा. एखादी रेषा बदलती आली होती का, तेही बघा. आली असेल तर खाली कमेंटमध्ये कितवी ते लिहा, कारण मग वाक्य वेगळं लागतं.