अभयारण्यांचं जाळं आखताना जनुकीय विविधतेचा डेटा खरंच वापरतात का, आणि कसा?

वापरतात कमी, छापतात जास्त. नकाशा आधीच ठरलेला असतो आणि डीएनएचे रंगीत आलेख परिशिष्टात जातात.

आमच्या प्रकल्पात एका बेडकाचे वेगवेगळ्या ओढ्यांवरचे सॅम्पल होते, लॅबचं काम माझ्याकडे. टोकाच्या ओढ्यावरचे बेडूक बाकीच्यांपेक्षा एकदम वेगळे निघाले, एफएसटी (गटागटांत जनुकीय फरक किती, त्याचा आकडा) भरपूर, तर साहेब खूश, म्हणे ही युनिक पॉप्युलेशन, पहिलं संरक्षण हिलाच. मी म्हटलं, साहेब ते वेगळे दिसतायत कारण उरलेच थोडे आहेत, तुटलेल्या छोट्या पॉप्युलेशनमध्ये ड्रिफ्टने, म्हणजे निव्वळ योगायोगाने, काही जनुकप्रकार आपोआप गळून जातात आणि एफएसटी फुगतो. आतली विविधता बघा ना, सगळ्यात कमी तिथेच होती! त्यांना शेजारच्या ओढ्याशी जोडणारा पट्टा हवा होता, वेगळी हद्द नाही. तर उत्तर काय, पट्ट्यात प्रजातीची नोंदच नाही, कशाला धरायचा? अहो, तिथे बेडूक राहत नाहीत, पावसात ओलांडून जातात, आणि सर्वे केलेला कोरड्या दिवसांत! बैठकीत कोणी तोंड उघडलं नाही. पट्टा गेला.

वाट तुटल्यावर काय होतं ते फ्लोरिडाच्या पँथरवरून (तिथला प्यूमा) बघा. जेमतेम 20-30 उरले होते, वाकड्या शेपट्या, हृदयात दोष, नरांची वृषणं न उतरलेली. 1995 मध्ये टेक्सासहून 8 माद्या आणून सोडल्या तेव्हा कुठे संख्या वाढली. आता प्रत्येक बेडकासाठी कोण गाडी करणार?

तर कसा वापरायचा. कुठली जागा राखायची ते सुचवणाऱ्या मार्क्सनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खी प्रजाती एकच फीचर (राखायची एक गोष्ट) धरू नका, तिचे जनुकीय गट वेगवेगळे टाका आणि प्रत्येकाला किती राखायचं ते टार्गेट द्या. कनेक्टिव्हिटी वेगळी घाला, ती गटांतून आपोआप येत नाही. आणि नुसती डोकी मोजू नका, इफेक्टिव्ह साइज (जनुकांच्या हिशेबाने पुढच्या पिढीत खरी भर घालणाऱ्यांची संख्या) 500 च्या वर आहे का ते बघा, जैवविविधतेच्या 2022 च्या जागतिक कुनमिंग-माँट्रियल आराखड्यातही हा निकष आलाय. प्रत्यक्षात त्यासाठी कितीतरी जास्त जनावरं लागतात, ढोबळमानाने दहापट.

हां, एका बेडकाच्या डेटावरून अख्ख्या जंगलाचा नकाशा काढू नका, पक्ष्याला जी दरी दिसतही नाही ती बेडकाला भिंत असते. मायक्रोसॅटेलाइटवरून (डीएनएमधले छोटे, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, बहुधा कुठल्या गुणाशी न जोडलेले) उष्णता कोण सोसेल हेही कळत नाही. आणि एफएसटी जास्त म्हणजे दरवेळी ड्रिफ्टच असंही नाही, खरंच फार जुना वेगळा वंश असू शकतो, तो तर वाचवायलाच हवा. पण म्हणूनच कोणी एफएसटी दाखवून युनिक युनिक करायला लागलं की तिथल्या तिथे आतल्या विविधतेचा आकडा मागा, समोर साहेब असले तरी.